अमावास्येचा अवकाश : स्टेफनी मेयर यांच्या ‘न्यू मून’ या कादंबरीचे वाचन

प्रास्ताविक

कादंबरी-मालिकेतील दुसऱ्या पुस्तकाची जागा मोठी अवघड असते. नवलाईचे भांडवल पहिल्या पुस्तकाने खर्चून टाकलेले असते आणि समाप्तीचे आकर्षण अखेरच्या पुस्तकाच्या हक्काचे असते. मधल्या पुस्तकाच्या वाट्याला येतो तो विलंब. प्रेमकथेच्या बाबतीत ही अडचण अधिकच तीव्र होते. कारण नायक-नायिका पहिल्याच पुस्तकात एकमेकांचे झालेले असतात, त्यांचे कायमचे मीलन मात्र शेवटपर्यंत लांबवायचे असते. हा मधला काळ कशाने भरायचा, या प्रश्नाला लेखक जे उत्तर देतो त्यातून त्याची प्रेमाविषयीची समजूत जितकी उघड होते तितकी ती मीलनाच्या प्रसंगांतूनही होत नाही.

अमेरिकन लेखिका स्टेफनी मेयर यांची ‘ट्वायलाइट’ ही कादंबरी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. पाठोपाठ ‘न्यू मून’ (२००६), ‘इक्लिप्स’ (२००७) आणि ‘ब्रेकिंग डॉन’ (२००८) ही पुस्तके आली. या मालिकेच्या जगभर दहा कोटींहून अधिक प्रती खपल्या. आपल्याकडील महाविद्यालयीन विद्यार्थिनींनीही ती इंग्रजीतून, बहुधा अभ्यासक्रमाबाहेर आणि बऱ्याचदा आम्हा प्राध्यापकांच्या नजरेआड, वाचली. विभागातील चर्चेत या पुस्तकांचा उल्लेख निघाला की ‘रक्तपिपासूंच्या प्रेमकथा’ असे म्हणून विषय बंद केला जातो. आपल्या समीक्षेला ही सवय जुनीच आहे. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) किंवा नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) या अद्भुतरम्य कादंबऱ्यांना वाङ्मयेतिहासात जागा मिळाली, पण त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टी बहुतांशी ‘यमुनापर्यटन’च्या (१८५७) वास्तवाभिमुख परंपरेचे माप हाती घेऊनच घडली. माप चुकीचे असेल असे नाही. परंतु त्या कादंबऱ्या वाचणाऱ्या वाचकाला त्यांत काय सापडत होते, हा प्रश्न त्या मापाने सुटत नाही. एम.फिल.च्या निमित्ताने त्या कादंबऱ्या वाचताना हा प्रश्न मनात राहिला होता. ‘न्यू मून’ वाचताना तो पुन्हा उभा राहिला.

प्रस्तुत लेखात ‘न्यू मून’ ही कादंबरी स्वतंत्र कलाकृती म्हणून नव्हे, तर मालिकेतील दुसरे पुस्तक म्हणून वाचण्याचा प्रयत्न केला आहे. मालिकेच्या सोयीसाठी घातलेल्या विरहात या कादंबरीला एक वेगळी, अधिक प्रौढ कथा सापडते आणि मालिकेच्याच सोयीसाठी तिला ती टाकून द्यावी लागते, असे आमचे प्रतिपादन आहे.

कथानकाची रूपरेषा

वॉशिंग्टन राज्यातील फोर्क्स या पावसाळी गावात राहणारी बेला स्वान अठरा वर्षांची होते, तेथे ही कादंबरी सुरू होते. तिचा प्रियकर एडवर्ड कलन हा रक्तपिपासू असून तो कायम सतरा वर्षांचाच राहणार आहे. वाढदिवसाच्या समारंभात भेटवस्तूचा कागद उघडताना तिचे बोट कापले जाते, रक्ताच्या थेंबाने एडवर्डच्या भावाचा, जॅस्परचा, तोल सुटतो आणि तिला वाचविण्याच्या धडपडीत एडवर्डच तिला काचेच्या ताटल्यांवर ढकलतो. आपल्या सहवासात तिच्या जिवाला धोका आहे अशी त्याची खात्री पटते. आपले तिच्यावर प्रेम उरले नाही असे खोटेच सांगून तो कुटुंबासह निघून जातो. तिसऱ्या प्रकरणात गेलेला हा नायक पुन्हा समोर येतो तो विसाव्या प्रकरणात. दरम्यान जेकब ब्लॅक या क्विल्यूट जमातीच्या सोळा वर्षांच्या मुलाच्या मैत्रीने बेला सावरू लागते. पण जेकबही मनुष्य-लांडगा असल्याचे निष्पन्न होते. बेला कड्यावरून समुद्रात उडी घेते, ती मेली असा एडवर्डचा गैरसमज होतो, तो मरण ओढवून घेण्यासाठी इटलीतील व्होल्टेरा नगरात जातो आणि बेला त्याला तेथून परत आणते.

मेयर यांनी शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’चा आधार लपविलेला नाही. पुस्तकाच्या प्रारंभीचे अवतरण त्याच नाटकातील आहे, बेलाच्या वर्गातही तेच नाटक चालू आहे, आणि मृत्यूच्या खोट्या वार्तेची कळही तेथलीच. हा आधार कोठे पेलला जातो आणि कोठे केवळ टेकू ठरतो, हे पुढे पाहू.

कोरी पाने : विरह की शोक?

एडवर्ड निघून गेल्यावर कादंबरीत जे घडते ते या पुस्तकातील सर्वाधिक धीट लेखन आहे, आणि गंमत अशी की तेथे लेखनच नाही. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी : एका पानावर एका महिन्याचे नाव, बाकी पान कोरे. प्रथमपुरुषी निवेदन करणारी नायिका चार महिने बोलतच नाही. लोकप्रिय कादंबरीला मौन परवडत नाही. तिला पान भरावे लागते. मेयर यांची शैली एरव्ही अघळपघळ आहे, विशेषणांच्या बाबतीत तर उधळीच. म्हणून ही चार पाने अधिकच जाणवतात.

भारतीय काव्यशास्त्राच्या परिभाषेत हा प्रसंग विप्रलंभ शृंगाराचा. मम्मटाने विप्रलंभाचे अभिलाष, विरह, ईर्ष्या, प्रवास आणि शाप असे पाच हेतू सांगितले आहेत, आणि विरहिजनांच्या दहा अवस्थांची परंपराही आपल्या परिचयाची आहे : अभिलाष, चिंता, स्मृती, गुणकीर्तन, उद्वेग, प्रलाप, उन्माद, व्याधी, जडता आणि मरण. या क्रमात एक चढण आहे. मन प्रथम बोलते, मग बरळते, मग मुके होते. ‘न्यू मून’मध्ये हा क्रम उलटा लागला आहे. बेलाची सुरुवातच जडतेपासून होते. नंतर उन्माद येतो : धोक्याच्या क्षणी तिला एडवर्डचा आवाज ऐकू येऊ लागतो. आणि त्या उन्मादातून, जेकबच्या सोबतीने, ती हळूहळू स्मृतीकडे, म्हणजे एडवर्डचे नाव मनात उच्चारता येण्याइतक्या बळाकडे परत येते. परंपरेतील विरहिणी खाली खाली जाते. ही विरहिणी तळापासून वर येऊ पाहते. हा बरे होण्याचा क्रम आहे. तो लेखिकेने जाणून योजला असेल असे म्हणण्याचे कारण नाही, पण तो तेथे आहे.

येथे एक अधिक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. भरताने करुण आणि विप्रलंभ यांत भेद करताना करुण हा निरपेक्ष, म्हणजे पुनर्भेटीची आशा संपलेला, आणि विप्रलंभ हा सापेक्ष, म्हणजे आशा शिल्लक असलेला, असे म्हटले आहे. या कसोटीवर बेला विप्रलंभात नाहीच. आपल्यावर त्याचे प्रेम नव्हते, तो परतणार नाही, याविषयी तिला शंका नाही. तिचा अनुभव शोकाचा, करुणाचा आहे. पुढे तिचे वडील चार्ली हे ॲलिसशी बोलत असताना बेला आडून ऐकते, तेव्हा तेही हेच सांगतात : मुलीला कोणी सोडून गेल्यासारखे नव्हे, तर कोणी मरण पावल्यासारखे ते दिवस होते. कोऱ्या पानांवर काय घडले याची हकीकत आपल्याला अशी उशिरा आणि दुसऱ्याच्या तोंडून कळते. मुलीला तिच्या आईकडे पाठवू पाहणारा, डॉक्टरांना विचारणारा, रात्रीच्या किंकाळ्यांनी जागा होणारा हा अबोल पोलीस अधिकारी या मालिकेतील फार थोड्या खऱ्या माणसांपैकी एक आहे, असे आमचे मत आहे.

वाचकाची स्थिती मात्र वेगळी असते. एडवर्ड खोटे बोलत आहे हे त्याला पहिल्या वाचनातच कळते. मालिका पुढे आहे, प्रकार प्रेमकथेचा आहे, नायक परतणारच. म्हणजे नायिका करुणात आणि वाचक विप्रलंभात, अशी ही विभागणी आहे. मालिकेतील दुसऱ्या पुस्तकालाच ती शक्य होते. एकट्या कादंबरीत वाचकालाही शेवटाची हमी नसते. या विभागणीतून वाचकाला एक विलक्षण सुरक्षितता मिळते. तिला शोकाची संपूर्ण तीव्रता अनुभवता येते आणि त्याची किंमत मोजावी लागत नाही. जॅनिस रॅडवे यांनी ‘रीडिंग द रोमान्स’ (१९८४) या ग्रंथात प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या अमेरिकन स्त्रियांचा अभ्यास करून दाखविले की, नायकाच्या तुटकपणाचा किंवा क्रौर्याचा अर्थ शेवटी ‘ते प्रेमच होते’ असा लावून देणे, हे या प्रकाराचे मुख्य कार्य असते. ‘न्यू मून’ हे त्याचे जणू पाठ्यपुस्तकी उदाहरण आहे. ज्या निरोपाने बेला चार महिने मुकी झाली तो निरोप शेवटी प्रेमाचा पुरावा ठरतो. पण पुरावा मिळाला म्हणून ते चार महिने भरून येत नाहीत. कोरी पाने पुस्तकात कोरीच राहतात, आणि एडवर्ड परतल्यावर त्यांचा हिशेब त्याच्याकडे कोणी मागत नाही. चार्ली तेवढा मागतो. आणि त्याचा राग बेलाने सांभाळून घेण्याची घरगुती अडचण म्हणून बाजूला सारला जातो.

२००९ मध्ये ख्रिस वाइट्झ यांनी केलेल्या चित्रपट-रूपांतराशी तुलना केली असता कोऱ्या पानांचे सामर्थ्य ध्यानात येते. चित्रपटात बेला खिडकीपाशी खुर्चीत बसलेली, कॅमेरा तिच्याभोवती फिरतो आणि बाहेरचे ऋतू पालटतात. कल्पना देखणी आहे. परंतु तेथे दुःखाला चित्र मिळाले, अभिनेत्री मिळाली, संगीत मिळाले. त्याचप्रमाणे पुस्तकात केवळ ऐकू येणारा एडवर्डचा आवाज चित्रपटात धूसर आकृती होऊन दिसू लागतो. नायकाला इतका वेळ पडद्याआड ठेवणे निर्मात्यांना परवडणारे नसावे! पुस्तकातील आवाज बेलाच्याच मनाचा आहे हे तिला पुरेपूर ठाऊक असते. आकृती दिसू लागली की ती शंका पातळ होते आणि नायक गेला नव्हताच असे वाटू लागते.

ला पुशचे गॅरेज

या कादंबरीवर घेतला जाणारा सर्वांत मोठा आक्षेप असा की, तिची नायिका परावलंबी आहे, प्रियकर गेला म्हणजे तिचे अस्तित्वच संपते, आणि किशोरवयीन वाचक मुलींपुढे हा आदर्श ठेवणे घातक आहे. आक्षेप निराधार नाही. तो घेणाऱ्यांनी मधल्या प्रकरणांकडे मात्र पुरेसे लक्ष दिलेले नाही.

बेला दोन मोडक्या मोटारसायकली मिळवते. हेतू आत्मघातकीच आहे : धोका पत्करला की एडवर्डचा आवाज ऐकू येतो, हे तिला पोर्ट अँजेलिसमध्ये कळलेले आहे. अविचाराने वागायचे नाही असे वचन त्याने घेतले होते. आपण कधी नव्हतोच असे तुला वाटेल, हे त्याचे वचन त्याने पाळले नाही, मग माझे मी का पाळू, असा तिचा हिशेब. परंतु मोटारसायकली मोडक्या आहेत, आणि त्या दुरुस्त करायला जेकब लागतो. येथून कादंबरीचा पोत बदलतो. सुटे भाग आणावे लागतात, त्यासाठी महाविद्यालयीन शिक्षणाकरिता साठवलेल्या पैशांना हात लागतो, श्रम जेकबचे आणि पैसा बेलाचा अशी वाटणी ठरते, घरच्यांनी हरकत घेऊ नये म्हणून शाळेचा अभ्यासही एकत्र होऊ लागतो. कोमट सोड्याचे डबे, ग्रीसचे हात, मित्रांची थट्टामस्करी. कलन कुटुंबाच्या काचेच्या घरात वस्तू आपोआप सुंदर असतात. या शेडमध्ये त्या जुळवाव्या लागतात. आपण हसलो हे बेलाच्या लक्षात येते तेव्हा तिलाच आश्चर्य वाटते.

एका विध्वंसक हेतूने हाती घेतलेले काम काम म्हणूनच माणसाला सावरते, हे मानसशास्त्रीय सत्य मेयर यांनी कोणत्याही तत्त्वचर्चेशिवाय दाखविले आहे. एडवर्डच्या सहवासात बेला सतत वाचविली जाते, उचलली जाते, निजवली जाते. जेकबच्या सहवासात ती पाना धरते, पडते, डोके फोडून घेते आणि पुन्हा बसते. प्रौढत्वाकडे नेणारी वाट या पुस्तकात कोठे असेल तर ती येथे आहे. याचा अर्थ जेकब हा आदर्श पुरुष आहे असा नव्हे. पुढील पुस्तकात तो बेलाचे तिच्या इच्छेविरुद्ध चुंबन घेतो, आणि त्या प्रसंगाकडे लेखिका ज्या खेळकरपणे पाहतात तो क्षम्य वाटत नाही. मुद्दा व्यक्तीचा नसून नात्याच्या घडणीचा आहे.

‘पॅरिस’ हे शीर्षक असलेल्या सोळाव्या प्रकरणात ही वाट अगदी उंबरठ्यापर्यंत पोहोचते. शेक्सपिअरच्या नाटकात काउंट पॅरिस हा ज्युलिएटच्या बापाने पसंत केलेला वर. त्याच्या वाट्याला रंगमंचावर फारसे काही येत नाही. बेला विचार करते : रोमिओ मेला नसता, नुसताच निघून गेला असता, आणि पॅरिस हा तिचा जवळचा मित्र असता, तर ज्युलिएटने काय केले असते? अभिजात कृतीचा असा उलटा विचार करणे हे खऱ्या वाचकाचे लक्षण आहे, आणि वर्गात नाटक शिकविताना एखाद्या विद्यार्थिनीने असा प्रश्न विचारला तर आपण त्या दिवशी समाधानाने घरी जाऊ. बेला जेकबकडे मान वळविण्याच्या बेतात असते. धोक्याच्या वेळीच ऐकू येणारा तो आवाज या वेळी तिला सुखी होण्यास सांगतो. म्हणजे तिच्या मनाने तिला परवानगी दिली आहे. आणि नेमक्या त्याच क्षणी जेकबला रक्तपिपासूचा वास येतो; ॲलिस परत आली आहे.

येथे मालिका कादंबरीच्या मध्ये पडते. ज्युलिएट पॅरिसच्या बाजूने विचार करू शकते, पण वाचकाला दिलेले वचन मोडता येत नाही.

खोटी वार्ता आणि खरे प्रवासी

यापुढचा भाग वेगवान आहे आणि त्याविषयी फार लिहिण्याची आवश्यकता नाही. ॲलिसला भविष्य दिसते, मात्र मनुष्य-लांडगे तिच्या दृष्टीच्या कक्षेबाहेर असतात. म्हणून बेलाची उडी तिला दिसते आणि जेकबने तिला बाहेर काढणे दिसत नाही. खोट्या वार्तेची ही योजना शेक्सपिअरच्या न पोहोचलेल्या पत्राइतकीच, किंबहुना तिच्याहून अधिक तर्कशुद्ध आहे. परंतु नाटकात गैरसमजाची किंमत दोन प्रेते ही आहे. येथे घड्याळाच्या मनोऱ्याखाली, भर दुपारी, लाल अंगरख्यांच्या गर्दीतून धावत बेला वेळेवर पोहोचते. आपल्याशिवाय प्रियकर जगू शकत नाही, हे त्याच्या आत्मनाशाच्या तयारीवरून सिद्ध होते. मरणाची इच्छा हे प्रेमाचे माप ठरते, आणि ती इच्छा धरल्याचे बक्षीस दोघांनाही मिळते. मुलींच्या हाती हे पुस्तक असताना आपण ज्याची काळजी करावी ती जागा ही आहे. बेलाच्या निष्क्रियतेपेक्षा तिच्या उडीची फलश्रुती अधिक चिंताजनक आहे. ती मरण्यासाठी उडी मारत नाही, असे निवेदन वारंवार बजावते. मात्र कथानकाची रचना त्या उडीमुळेच नायक परत आला असे सांगते, आणि वाचकाच्या मनात रचना निवेदनापेक्षा खोल जाते.

व्होल्टेरातील आणखी एक प्रसंग आहे. रक्तपिपासूंच्या राजघराण्याच्या, म्हणजे व्होल्टुरींच्या, दालनातून बेला, एडवर्ड आणि ॲलिस सुटून निघतात तेव्हा समोरून पर्यटकांचा घोळका आत येतो. त्यांत गळ्यात जपमाळ घातलेली एक लहानखुरी स्त्री आहे. काहीतरी चुकते आहे हे तिच्या एकटीच्याच ध्यानात आलेले दिसते. दारे बंद होतात, किंकाळ्या ऐकू येतात. बेला रडते, थरथरते. मग पुढच्या पानांवर तिच्या मनात एडवर्ड पुन्हा आपल्याजवळ आहे याचेच सुख भरून राहते, आणि त्या पर्यटकांना कादंबरी जवळजवळ विसरून जाते. बाहेरच्या कक्षात बसलेली जिआना ही मानवी स्वागतिका, आपल्यालाही एक दिवस अमरत्व मिळेल या आशेवर हे सारे पाहत नोकरी करते. बेलाचीच ही एक विद्रूप प्रतिमा आहे. लेखिकेने ती निर्माण केली, हे तिच्या कल्पनाशक्तीचे श्रेय. बेलाला त्या आरशात पाहू दिले नाही, ही त्या कल्पनाशक्तीची मर्यादा. पुस्तकाच्या आरंभी स्वप्नातील आरशात आजीच्या जागी स्वतःचा म्हातारा चेहरा दिसल्याने घाबरलेली ही मुलगी, त्याहून भयंकर आरसा समोर आल्यावर मात्र तेथून घाईने निघून जाते.

एमिलीचा चेहरा

लांडग्यांच्या टोळीचा प्रमुख सॅम उली याची वाग्दत्त वधू एमिली हिच्या चेहऱ्याची एक बाजू खोल व्रणांनी ओढली गेली आहे. सॅमचा एकदा क्षणभर तोल सुटला, ती फार जवळ उभी होती, एवढेच स्पष्टीकरण मिळते. एमिली स्वयंपाकघरात सर्वांसाठी मफिन भाजते आहे. सॅम येतो आणि तिच्या व्रणांवर ओठ टेकवतो. बेलाला हे दृश्य पाहवत नाही; त्यामागचे कारण मत्सरासारखे आहे, भय नव्हे. तिला त्या दोघांतील प्रेमाची संपूर्णता बोचते.

प्रसंग लिहिला गेला आहे तो हळुवारपणे, आणि म्हणूनच तो अधिक त्रासदायक ठरतो. पुरुषाच्या संतापाने स्त्रीचा चेहरा फाटतो, पुरुष पश्चात्तापाने होरपळतो, स्त्री त्याला सावरते, आणि या साऱ्याला प्रेमाची परिपक्व अवस्था मानले जाते. पुरुष लांडगा आहे ही अद्भुताची सोय काढून टाकली तर उरणारी घटना आपल्या आसपासच्या घरांतून नित्य घडते आणि ‘त्याचा स्वभावच तसा’ या शब्दांत मिटविली जाते. अद्भुतरम्य साहित्य वास्तवापासून पळ काढते हा आरोप येथे लागू पडत नाही. येथे अद्भुत हे वास्तवाला सबब पुरविते. जॅस्पर, एडवर्ड, सॅम आणि जेकब या चारही पुरुषांच्या बाबतीत हिंसा ही त्यांच्या जातीची प्रकृती आहे आणि संयम ही त्यांची थोरवी. त्यामुळे जवळ येणाऱ्या स्त्रीनेच अंतर राखावे, असा अलिखित नियम तयार होतो. ब्रॅम स्टोकर यांच्या ‘ड्रॅक्युला’मध्ये (१८९७) दैत्याला दैत्य म्हटले जात होते. मेयर यांच्या दैत्याला सदसद्विवेक मिळाला, ही सुधारणा खरी. पण त्या विवेकाचे सारे कौतुक त्याला, आणि सावध राहण्याचे सारे ओझे तिला, अशी ही वाटणी आहे.

करार

उपसंहाराचे शीर्षक ‘करार’ असे आहे. कलन कुटुंब आणि क्विल्यूट लांडगे यांच्यात जुना करार आहे : सीमारेषा ओलांडायची नाही, आणि कोणाही माणसाला चावायचे नाही. दोन्ही बाजू हा करार पिढ्यान्‌पिढ्या काटेकोरपणे पाळतात.

क्विल्यूट ही काल्पनिक जमात नव्हे. ऑलिंपिक द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावरील ला पुश हे त्यांचे खरेखुरे गाव आहे. के’वाती नावाच्या रूपांतरकर्त्याने लांडग्यांपासून आपले पूर्वज घडविले अशी त्यांची उत्पत्तिकथा आहे; माणसाचे रागाच्या भरात लांडग्यात रूपांतर होणे ही मेयर यांची भर. त्यांचा खरा करार १८५५-५६ मध्ये अमेरिकन शासनाशी झाला आणि त्या अन्वये त्यांची विस्तीर्ण भूमी गेली. १८८९ मध्ये त्यांच्यासाठी जी राखीव भूमी ठरविण्यात आली ती जेमतेम एक चौरस मैल होती, तीही समुद्रकाठची, पुराच्या आणि त्सुनामीच्या छायेतली. उंचावरील सुरक्षित जमीन त्यांना राष्ट्रीय उद्यानातून मिळाली ती २०१२ च्या कायद्याने. दरम्यान त्यांच्या नावावर कपडे, दागिने आणि पर्यटन यांचा मोठा बाजार उभा राहिला, आणि त्यात जमातीचा वाटा काय, असा प्रश्न कायद्याच्या अभ्यासक अँजेला रायली यांनी २०१० मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये उपस्थित केला. कादंबरीत गोऱ्या, श्रीमंत, अमर कुटुंबाने पाळलेला करार आणि इतिहासातील हा करार शेजारी शेजारी ठेवले म्हणजे अद्भुताने येथे काय झाकले हे दिसते. आदिवासी तरुणांचे उघडे, तापट, पशुवत् देह आणि कलनांची शीतल, संगमरवरी सभ्यता ही जोडी निरागस राहत नाही. आपल्याकडील अद्भुतकथांतले राक्षस कोण होते, हा प्रश्न दलित आणि आदिवासी साहित्याच्या अभ्यासकांनी आपल्याला केव्हाच विचारून ठेवला आहे. त्यामुळे निदान मराठीच्या प्राध्यापकाला तरी हे वाचताना अनोळखी वाटू नये.

शेवटची मोटारसायकल

अखेरच्या प्रकरणांत बेला प्रथमच आपला निर्णय स्वतः मांडते. आपल्याला रक्तपिपासू करावे की नाही, यावर ती कलन कुटुंबाचे मतदान घेते. एडवर्ड आणि रोझाली विरुद्ध, बाकीचे अनुकूल. रोझालीचा नकार कटू असला तरी त्यात आपल्याला हे आयुष्य कोणी विचारून दिले नव्हते ही खंत आहे, आणि तो बेलाच्या माणूसपणाविषयी आस्था असलेला नकार आहे. अमरत्वाने आत्मा गमावतो की नाही, हा कार्लाइल आणि एडवर्ड यांच्यातील वाद दुसऱ्या प्रकरणात, जखमेवर टाके घालताना, फार सुंदर सुरू झाला होता. येथे तो मतमोजणीत विरघळतो. मग एडवर्ड तडजोड सुचवितो : आधी विवाह, नंतर अमरत्व. मृत्यूला न डरणारी बेला लग्नाच्या नावाने मात्र दचकते, आणि या विनोदात लेखिकेचे निरीक्षण चांगलेच जागे आहे.

जेकबसाठी या व्यवस्थेत जागा उरत नाही. कराराची आठवण करून द्यायला तो रानाच्या कडेला येतो, एडवर्डशी बोलतो, बेलाकडे नीट पाहतही नाही. तत्पूर्वी त्याने एक काम उरकलेले आहे. गॅरेजमध्ये दोघांनी मिळून जुळविलेली बेलाची मोटारसायकल त्याने चार्लीच्या घरासमोर आणून उभी केली आहे, बापाच्या दृष्टीस पडावी आणि त्याने मुलीला घरात कोंडून ठेवावे म्हणून. आतून चार्ली बेलाला हाक मारतो आहे. गाडी दुरुस्त आहे, चालण्यासारखी आहे.